चौकातला दीर

माझा नवरा लढाईत गेला, त्याला शौर्यपदक मिळालं, आणि गावाने चौकात माझ्या दिराचा पुतळा बसवला. हे ऐकून तुम्हाला वाटेल, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. गावालाही तसंच वाटतं. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते, आणि सांगताना आवाज चढला तर चढू द्या.

आमचं वीरस्मारक बाजाराच्या चौकात आहे. अर्धगोल ओटा, त्यावर ओळीने दगडी खांब, प्रत्येक खांबावर छातीपर्यंतचा ब्राँझचा पुतळा, आणि पुतळ्याखाली काचेची पेटी. पेटीत त्या त्या वीराचं खरं पदक ठेवायचं, नक्कल चालत नाही. ओट्यावर जागा फक्त पदकवाल्यांना. बिनपदकाचे जे मेले त्यांची नावं मागच्या भिंतीवर आहेत, बारीक अक्षरांत, जिथे भाजीवाले हातगाड्या लावतात तिथे. म्हणजे मेल्यावरही पुढची रांग आणि मागची रांग आहेच. आम्ही पुढच्या रांगेतले, तेव्हा मी तक्रार करू नये असं पुष्कळांचं म्हणणं पडतं.

या स्मारक समितीची एक जुनी खोड आहे. पहिला पुतळा बसवायचा होता तो फार मागच्या लढाईतल्या एका हवालदाराचा. त्याचा फोटोच नव्हता. तेव्हा समितीने त्याच्या नातवाला मूर्तिकारासमोर बसवलं, गालांना गोंद लावून कापसाची दाढी चिकटवली, आणि काम उरकलं. पुतळा असा उठावदार झाला की लोक मुद्दाम बघायला यायचे. म्हाताऱ्याला पाहिलेलं एकही माणूस जिवंत नव्हतं, मग चूक काढणार कोण? तेव्हापासून समितीला खात्री पटली की चेहरा हा रक्तात असतो. फोटो नसला तरी अडत नाही, नात्यातला एखादा धरून आणायचा आणि स्टुलावर बसवायचा. याला ते ‘रक्ताचा चेहरा’ म्हणतात, आणि म्हणताना छाती फुगवतात.

आमच्याकडे फोटो का नव्हते तेही सांगते. नदीचं पाणी खालच्या आळीत शिरलं त्या वर्षी आमची पत्र्याची ट्रंक बुडाली. लग्नाचे, रजेवरचे, सगळे फोटो एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली. मी सोडवायला गेले तर एका फोटोतलं नाक दुसऱ्या फोटोच्या पाठीवर गेलं. उरला तो सैन्याच्या कचेरीतला टपाल तिकिटाएवढा फोटो. त्यावर गालापासून ओठापर्यंत गोल शिक्का. मोठा करून घेतला तर धुक्यात उभा असलेला कुणीतरी माणूस दिसतो, नवरा दिसत नाही.

समितीने मला विचारलं असतं तर? पण मला विचारायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. वास्तविक मी चौकातच असते. स्मारकाच्या समोर चष्म्याचं दुकान आहे, तिथे मी नोकरीला आहे. मालक डोळे तपासतात, मी चेहरे मोजते. कुणाच्या नाकाचा कणा रुंद, कुणाचा एक कान वर, कुणाचे डोळे जवळजवळ, हे मला गावातल्या प्रत्येकाचं ठाऊक आहे. समितीच्या अध्यक्षांना गावात फीतकापे म्हणतात, कारण फीत आणि कात्री दिसली की त्यांचे हात शिवशिवतात. त्यांची चष्म्याची काडी मीच दर महिन्याला सरळ करून देते. तरी विचारलं नाही. ‘घरच्यांना’ विचारलं म्हणे. घरचे म्हणजे माझा दीर.

अनावरणाच्या दिवशी मला पुढच्या खुर्चीत बसवलं, मांडीला मांडी लावून लेकीला. बाप गेला तेव्हा ती रांगत होती, तिला त्याचा चेहरा आठवणं शक्यच नाही. महिनाभर ती मला विचारत होती, बाबा कसे दिसतील, आणि मी सांगत होते, थांब, आता दिसतीलच. फीतकाप्यांनी फीत कापली, कापड ओढलं, टाळ्या झाल्या, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. टोपी नवऱ्याची, छातीवर कोरलेलं पदक नवऱ्याचं, आणि मध्ये दिराचा चेहरा. तेच रुंद नाक, तेच भरलेले गाल. आणि वर मिशी. माझ्या नवऱ्याने आयुष्यात मिशी ठेवली नाही. दिरालाही तेव्हा मिशी नव्हती. ती फीतकाप्यांची हौस, बिनमिशीचा सैनिक वीर वाटत नाही म्हणून मुद्दाम लावून घेतलेली.

मी काही बोलणार तेवढ्यात लेक खुर्चीवरून उतरली, खांबापाशी गेली, टाचा उंच करून पुतळ्याकडे बघत राहिली आणि मागे वळून मला म्हणाली, “आई, बाबा छान आहेत.”

मी एवढ्या लोकांत पोरीला काय सांगणार होते?

आता दिराबद्दल. तोंडावर मी त्याला भावजी म्हणते आणि तुम्ही म्हणते, मनात मात्र ‘तो’. नवरा गेला तेव्हा सासू-सासरे आधीच गेलेले होते, घरात मी, तान्ही लेक आणि हा. त्याची शवपेटी आली ती सरकारी इस्पितळाच्या मागच्या खोलीत ठेवली होती. अधिकारी बाहेर येऊन म्हणाला, ओळख पटवायला घरातलं कुणीतरी एक या. मी उठले. दिराने दाराच्या चौकटीला हात आडवा लावला. म्हणाला, “वहिनी, तुम्ही नका. मी बघतो.” मी त्याचा हात बाजूला करायला गेले तर मला दोन शेजारणींनी धरलं. तो आत गेला, थोड्या वेळाने बाहेर आला आणि म्हणाला, “तोच आहे. शांत झोपलाय.” तोवर आतून खिळे ठोकल्याचा आवाज येत होता.

बस्स. लग्नानंतर नवरा माझ्या वाट्याला आला तो रजेरजेने, तुकड्यातुकड्याने. शेवटचा तुकडा होता तो या माणसाने एकट्याने घेतला आणि मला दोन शब्दांवर बोळवलं. पुढे महिन्याभरात मी लेकीला घेऊन ते घर सोडलं. लोकांना वाटलं घरावरून बिनसलं असेल, जागेवरून बिनसलं असेल. वाटू दे. मी त्याच्या उंबऱ्याला पाय लावला नाही आणि लेकीलाही लावू दिला नाही. रस्त्यात तो दिसला आणि त्याने तिला हाक मारली तर मी तिचा दंड धरून दुसऱ्या बाजूला नेत असे.

आणि आता तोच चौकात उभा, ब्राँझचा, कायमचा, माझ्या काउंटरच्या बरोब्बर समोर. सकाळी शटर वर केलं की पहिलं दर्शन त्याचं.

जिवंत दीर तर पुतळ्याच्याही वरचढ निघाला. त्याचं रंगांचं दुकान आहे, पलीकडच्या गल्लीत. पुतळा बसल्यावर त्याने मिशी वाढवली. खोटं नाही सांगत, पुतळ्याला होती तशी, टोकं खाली वळवलेली. पुतळ्याची मिशी खोटी, त्याच्यावरून याची खरी. दुकानात आत बसायचा तो खुर्ची काढून दारात बसायला लागला. शाळेची पोरं निबंध लिहायला त्याच्याकडे जायची. कार्यक्रमात पुढची खुर्ची त्याची, भाषणात ‘त्यांच्याकडे पाहिलं की आपल्या वीराचीच आठवण येते’ हे वाक्य ठरलेलं. येणारच ना आठवण, नक्कल समोर आणि असल बाजूला! एका म्हातारीने तर त्याला पाहून हात जोडले, आणि हा नमस्कार घेऊन मोकळा झाला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

मला काय करता येणार होतं? ब्राँझ बोलणाऱ्याचं ऐकत नाही. पण एक गोष्ट माझ्याकडे होती. पदक. त्या पुतळ्याखालची काचेची पेटी रिकामी होती आणि ती भरणं माझ्या हातात होतं. फीतकापे न्यायला आले तेव्हा मी त्यांना सांगितलं, चेहरा बदला, पदक घेऊन जा.

ते आधी हसले. मग त्यांनी समजावलं की दोघं सख्खे भाऊ, लोकांना तर फरक दिसतच नाही. मी विचारलं, तुमचा चष्मा तुमच्या भावाला लावला तर त्याला दिसेल का? मग ते चिडले. म्हणाले मी वीराचा अपमान करते आहे. मी म्हटलं, अपमान कुणाचा, वीर तर तिथे नाहीच. मग ते आवाज खाली आणून म्हणाले, “ताई, मुलीचा विचार करा. तिने त्या चेहऱ्याला बाप मानलंय.”

“म्हणूनच,” मी म्हटलं, “दुसऱ्याच्या चेहऱ्याला नको मानायला.”

गाव माझ्यावर उलटलं. पहिल्यांदा कुजबूज, मग उघड. वीराची बायको वीरालाच ओळखत नाही, हा विनोद तर चहाच्या टपरीवर जुना झाला. ज्या बायका नंबर वाढला की माझ्याकडे धावत यायच्या त्या स्टँडपलीकडच्या दुकानात जाऊ लागल्या. मालक चांगला माणूस, पण दुकान त्याचं. तो म्हणायचा, बाई, मिटवा की. रिकाम्या पेटीत कुणीतरी गुटख्याची पुडी सारली. मी काच उघडून ती काढली, पेटी पुसली आणि रिकामीच ठेवली. सगळ्यात जास्त बोचायचं ते लेकीचं. शाळेतून येताना ती खांबापाशी थांबायची, दिवसभराचं काहीबाही सांगायची. मी काउंटरवरून बघायचे. माझी पोर माझ्या वैऱ्याला पाढे म्हणून दाखवत होती आणि मी कुणाच्या तरी चष्म्याचे स्क्रू पिळत होते.

या वर्षी घोडं पेंड खायला लागलं. स्मारकाच्या वार्षिक कार्यक्रमाला सैन्यातला एक मोठा अधिकारी येणार होता, आणि त्याने आधीच कळवलं होतं की त्याला सर्व पदकं बघायची आहेत. फीतकाप्यांची झोप उडाली. माझ्याकडे दोनदा माणूस पाठवला, तिसऱ्यांदा स्वतः आले. तडजोड अशी निघाली की मूर्तिकाराला बोलवायचं आणि जागच्या जागी पुतळ्याचा चेहरा जमेल तितका दुरुस्त करायचा. गाजावाजा न करता, सुट्टीच्या दिवशी सकाळी, भोवती कनात लावून. दिराला कळवायचं नाही. म्हणजे पुतळा बसवताना मला कळवलं नव्हतं, तसंच. मला त्यात आनंद झाला हे मी लपवत नाही.

मूर्तिकार लांबच्या गावाहून आला. तोंडाला फडकं बांधलेला, कमी बोलणारा माणूस. त्याने कनातीत स्टूल मांडलं, कानशी ओळीने ठेवल्या, लहान ग्राइंडरला वायर जोडली आणि पुतळ्याच्या गालावर बोटाच्या पेराने टकटक केलं. मला म्हणाला, आत पोकळ आहे. पत्रा जाड नाही. भर घालता येणार नाही, काढता येईल तेही थोडंच. जास्त खोल गेलो तर भोक पडेल, मग चेहराच राहणार नाही. तेव्हा जे काढायचं ते विचार करून सांगा.

मी तर दोन वर्षं विचारच करत होते. म्हटलं, आधी मिशी काढा.

मिशी जाड होती, ती गेली. ग्राइंडरच्या ठिणग्या उडाल्या, पिवळीधमक धातूची पट्टी नाकाखाली उघडी पडली. मला फार बरं वाटलं. मग मी म्हटलं, गाल इतके भरलेले नव्हते. त्याने कानस फिरवली. नाक इतकं रुंद नव्हतं. त्याने नाकाच्या दोन्ही बाजू घासल्या. हनुवटी अशी नव्हती. त्याने हात थांबवला.

“मग कशी होती?”

मी म्हटलं, अशी गुबगुबीत नव्हती.

“ते कळलं. होती कशी? टोकदार? चौकोनी? ओठ कसे होते? मिशीखाली मी ओठ केलेच नव्हते, आता करावे लागतील.”

मी त्या पिवळ्या पट्टीकडे बघत राहिले. गावातल्या कुणाचेही ओठ विचारा, सांगते. फीतकाप्यांचा खालचा ओठ लोंबतो, मालकाचे ओठ आहेत की नाहीत तेच कळत नाही, दिराचा वरचा ओठ पातळ आणि बोलताना डावीकडे जातो. नवऱ्याचा? मी डोळे मिटले. दिराचाच चेहरा आला. तो पुसून टाकला तर मागे शिक्का मारलेलं धुकं. पुन्हा म्हटलं, “भावजींसारखे नव्हते.”

मूर्तिकाराने फडकं तोंडावरून खाली ओढलं. तो रागावला नव्हता, नुसता दमला होता. म्हणाला, “ताई, मला ‘नव्हतं’ कोरता येत नाही. जे होतं ते सांगा.”

मला सांगता येईना. मी ज्याचा इतका तिटकारा केला त्याचं नाक, कान, ओठ मला तोंडपाठ होते, आणि ज्याच्यासाठी केला तो माझ्याकडे नव्हता. रागाच्या भरात मी जणू घर राखत दाराशी बसले होते आणि घरात काहीच उरलं नव्हतं. हे मला कनातीत, एका परक्या माणसासमोर कळलं.

तेवढ्यात कनात बाजूला झाली आणि दीर आत आला. ग्राइंडरचा आवाज गल्लीपर्यंत गेला असणार. त्याच्या मागोमाग लेक. तिला मी घरी थांबायला सांगितलं होतं, पण आमच्या घरात सांगितलेलं ऐकायची पद्धत नाही. तिने पुतळ्याकडे पाहिलं, अर्धवट घासलेला तो चेहरा, आणि ती रडायला लागली. मोठ्याने नाही. तोंडावर हात धरून.

दिराचा चेहरा काळवंडला होता. म्हणाला, “वहिनी, माझ्या भावाच्या तोंडाला कुणाला विचारून हात लावला?”

“भावाच्या नाही. तुमच्या.”

“आणि आता कुणाचं करताय?”

मूर्तिकाराने, त्याला कुठे आमची भांडणं ठाऊक, सरळ सांगून टाकलं की बाईंना आठवत नाही, तुम्हाला आठवत असेल तर सांगा. काय जागा निवडली होती बोलायला! दीर माझ्याकडे वळला आणि हसला. ते हसू मला मरेपर्यंत विसरता येणार नाही. ज्याला वर्षानुवर्षं चोर म्हटलं त्यानेच कुलूप उघडून दाखवावं, तसं ते होतं.

“आठवत नाही,” तो म्हणाला. “गावभर बोंब मारली, पदक अडवून धरलं, आणि आठवत नाही. मग ऐका.”

आणि त्याने सांगायला सुरुवात केली. मला दाखवून द्यायला, मला खाली बघायला लावायला, दुसरं काही त्याच्या मनात नव्हतं हे मी लिहून देते. वरचा ओठ जाड, मधली पन्हळ खोल. लहानपणी दोघं एका सायकलवरून पडले, चालवत हाच होता, दादाचा खालचा ओठ दाताने आतून फाटला होता. तो नीट जुळलाच नाही, म्हणून हसताना उजवीकडे जरा अडकायचा. डावी भुवई शेवटाला तुटलेली. हनुवटी चौकोनी, खाली बारीकशी खळी, त्या खळीत वस्तरा पोचायचा नाही, तिथे दोन-चार केस नेहमी राहायचे.

मूर्तिकार कानस हातात धरून माझ्याकडे बघायचा. ठरलं होतं की माझ्या होकाराशिवाय तो पुतळ्याला हात लावणार नाही. आणि मला ‘हो’ म्हणावं लागत होतं, कारण ते खरं होतं. ओठ सांगितला तशी मला तो ओठ हसताना अडकलेला दिसला. खळीतले केस सांगितले आणि माझ्या कपाळाला ते टोचले. हो, म्हटलं. हो. हो. मला रडू येत होतं आणि त्याचा संताप येत होता, की माझा नवरा मला परत मिळतोय तो कुणाच्या तोंडून, तर याच्या.

ऐकणारं माणूस विषाचा एकेक घोट घेतं म्हणजे काय ते त्या सकाळी कळलं. लेक रडायची थांबली होती. ती सरकत सरकत दिराच्या जवळ गेली होती आणि त्याच्या तोंडाकडे बघत होती.

ओठ उमटले. हनुवटी कडेने उतरली, खळी पडली. भुवईचं टोक छिन्नीने उडवलं. गालांचं फार काही करता आलं नाही. तरी पुतळा आता दीर नव्हता. पुरता नवराही नव्हता, पण रस्त्याच्या पलीकडून हाक मारावीशी वाटली असती इतपत होता.

मूर्तिकार हात धुवायला बाहेर गेला. दीर पुतळ्याकडे बघत उभा होता आणि त्याच्या अंगातला सगळा ताठा उतरला होता. तेव्हा मी विचारलं. इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं ते. विचारलं असतं तर तो मोठा झाला असता, म्हणून नव्हतं विचारलं.

“भावजी, पेटीत कसा दिसत होता?”

त्याने लेकीकडे पाहिलं. मी म्हटलं, तिच्यासमोर सांगा, तिचा बाप आहे.

“मी बघितलं नाही, वहिनी.”

“म्हणजे?”

“तोंडावर पांढरं कापड होतं. हात बाहेर होता, मनगटावर आमच्या बाबांचं घड्याळ. ते ओळखलं. अधिकारी म्हणाला, कापड काढू का. मी नको म्हटलं. धीर झाला नाही.”

“तुम्ही म्हणालात, शांत झोपलाय.”

“तुम्हाला काहीतरी सांगायला हवं होतं.”

मला वाटलं मी त्याच्या मुस्काटात मारीन. हात उचलला गेलाही होता. इतकी वर्षं मी या माणसाचा द्वेष केला तो त्याने पाहिलं आणि मला पाहू दिलं नाही म्हणून. निदान घरातल्या एकाने तरी त्याला शेवटचं पाहिलं, या रागाच्या तळाशी एवढा आधार होता, आणि तो मी कधी कबूल केला नव्हता. आता तोही नाही. माझा नवरा कुणीच न बघता गेला. मी धीर केला असता. मी कापड काढलं असतं, आत जे असेल ते बघितलं असतं आणि वेडी झाले असते तर झाले असते, पण तो एकटा गेला नसता. आणि दारात हात आडवा लावला तो ज्याच्यात धीर नव्हता त्याने.

हे सगळं मी त्याला बोलले. फार वाईट शब्दांत बोलले, इथे सांगत नाही. तो खाली मान घालून ऐकत राहिला. बोलून बोलून माझा घसा बसला.

फीतकापे कनातीत डोकावले आणि पदकाचं विचारलं. त्यांना वेळ बरोबर साधता येते. मी पर्समधून डबी काढून लेकीच्या हातात दिली. तिने काचेची पेटी उघडली, पदक आत ठेवलं, फीत सरळ केली. मग उभी राहून नव्या ओठांकडे पाहिलं, आणि दिराकडे वळून विचारलं, “सायकलवरून पडल्यावर बाबा रडले का?”

दिराने आधी माझ्याकडे पाहिलं. परवानगी मागितली, असं म्हणा.

मी तिचा दंड धरायला हात पुढे केला होता. माझी ती सवयच झाली आहे. पण धरून नेणार कुठे होते? घरी? घरी तिने हाच प्रश्न विचारला असता आणि मी काय सांगणार होते, की मला नाही माहीत? तिच्या बापाची सायकल, त्याचं रडणं, त्याची शाळा, त्याच्या आईने त्याला मारलेलं, हे सगळं त्या एका घरात होतं आणि त्या घराचं दार मी तिच्यासाठी स्वतःच्या हाताने लावून घेतलं होतं. ते मी लावलं याचा मला पश्चात्ताप नाही. पण पोरगी दाराबाहेर उभी होती.

“काकाबरोबर जा,” मी म्हटलं. “काय विचारायचं ते विचार. जेवायला घरी ये.”

तिला खरं वाटेना. दिरालाही वाटलं नसावं, तो डोळे पुसायला लागला. त्याचं ते रडणं मला बघवेना, दयेने नव्हे, रागानेच. मी त्याच्या अगदी जवळ गेले.

“भावजी, मी काहीही विसरलेले नाही. तिला जे माहीत आहे ते सांगा. जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणून सांगितलंत, तर तंगडी मोडून हातात देईन.”

“नाही सांगणार, वहिनी.”

“आणि शेवटचं विचारलं तर?”

“बघितलं नाही, असं सांगेन.”

“का नाही ते पण सांगा.”

त्याने होकारार्थी मान हलवली. लेकीने त्याचं बोट धरलं, तिचं बोट धरण्याचं वय राहिलेलं नाही तरी धरलं, आणि दोघं रंगाच्या दुकानाकडे वळली. ती चालता चालता काहीतरी विचारत होती, तो वाकून ऐकत होता. मूर्तिकार कानशी गोळा करत होता. मी कनातीचा एक दोर सोडला, दुसरा फीतकाप्यांना सोडायला सांगितला, आणि चेहऱ्यावरचा धातूचा कीस पुसायला दुकानातून चष्म्याचं फडकं घेऊन आले.